बोटॉक्स आणि फिलरची पुढची तारीख कशी ठरवायची: पहिल्या वर्षासाठी

दोन भुवयांमधली आठी घालवायला मी पहिल्यांदा बोटॉक्स घेतलं ते भाच्याच्या लग्नाच्या पाच दिवस आधी. सुई टोचली की काम झालं, एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं. हळदीच्या दिवशी सकाळी आरशात बघते तर उजव्या भुवईचं टोक वर चढलेलं आणि डावी भुवई आपल्या जागेवर. दिवसभर मी कुणावर तरी संशय घेतेय असा चेहरा. कपाळाच्या स्नायूचा उजव्या कडेचा भाग अजून जोर लावत होता आणि बाकीचा सैल पडत चालला होता. पंधराव्या दिवशी तपासणीत त्या जागी औषधाची आणखी दोन युनिट (युनिट म्हणजे मात्रेचं माप) दिल्यावर भुवई खाली आली. लग्नाच्या अल्बममध्ये मात्र ती वरच आहे.

त्याला आता सहा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. पण या सहा वर्षांत प्रत्येक सिटिंगची नोंद ठेवली, डॉक्टरांना प्रश्न विचारले, औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक वाचलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पुढची तारीख क्लिनिकच्या मेसेजवरून ठरवायची नसते आणि कॅलेंडरवर तीन-तीन महिन्यांच्या खुणा करूनही ठरवायची नसते. आपल्या चेहऱ्याची हालचाल कधी परत आली ते बघायचं आणि समोर कार्यक्रम असेल तर त्याच्या तारखेपासून उलटं मोजायचं. हे जमलं की पैसे वाचतात, औषध कमी लागतं आणि चेहरा आपलाच राहतो.

आधी कळून घ्या: दोन्ही सुया, पण काम वेगळं

नव्याने येणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. बोटॉक्स आणि फिलर हे शब्द जोडीने येतात, म्हणून दोन्हींची मुदतही एकच असेल असं वाटतं. ती तशी नसते.

बोटॉक्स हे एका ब्रँडचं नाव. औषध म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन. नसेकडून स्नायूला 'आखड' असा निरोप पोचवणारं रसायन ते अडवतं. निरोप पोचत नाही, म्हणून स्नायू सैल राहतो आणि वरच्या त्वचेला घडी पडत नाही. मज्जातंतूचं टोक हळूहळू दुरुस्त होतं, मधल्या काळात त्याला नवे धुमारेही फुटतात, आणि निरोप पुन्हा पोचायला लागतो. म्हणून परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. हे गणित काही सौंदर्याच्या बाजारातून आलेलं नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या आजारावर हे औषध देत होत्या. त्या पेशंटना दर काही महिन्यांनी सुई घ्यायला परत यावं लागायचं, आणि येताना कपाळावरची आठी गेल्याचंही लक्षात यायचं. त्यांनी आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलिस्टर यांनी १९९२ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. भुवयांमधल्या आठीसाठी अमेरिकेत परवानगी मिळायला २००२ उजाडलं.

फिलर स्नायूला हात लावत नाही. ते जागा भरतं. आपल्याकडे बहुतेक वेळा वापरतात ते हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल असतं. हा पदार्थ आपल्या त्वचेतही असतो, फिलरमध्ये तो टिकावा म्हणून त्याचे धागे एकमेकांना जोडून घट्ट केलेले असतात. शरीर तो सावकाश विरघळवतं. किती सावकाश, ते जागेवर अवलंबून. त्याच्याकडे पुढे येते.

पायरी १: पहिल्या पंधरा दिवसांत फक्त बघा

बोटॉक्स घेतल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत काहीच झालं नाही असं वाटू शकतं. मग आठी घालायला गेलं की ती अर्धवटच पडते. चौदाव्या दिवसाच्या आसपास खरा परिणाम दिसतो. म्हणून पहिली परत भेट दोन आठवड्यांनी ठेवतात, आणि ती ठेवलीच पाहिजे. पैसे देऊन बाहेर पडण्याआधीच ती तारीख लिहून घ्या. पुष्कळ ठिकाणी या भेटीत लागणारी एक-दोन युनिट वेगळे पैसे न घेता देतात. तसं आहे का, हे आधीच विचारून ठेवावं.

सहाव्या दिवशी फोन करून 'एक बाजू राहिलीय, लगेच टच-अप करा' असा हट्ट धरू नका. दोन बाजू मागेपुढे बसतात. सहाव्या दिवशी कमी वाटणारी बाजू बाराव्या दिवशी बरोबरीला येते, आणि मध्येच जास्त औषध पडलं असेल तर ते काढता येत नाही. फिलर नको झालं तर ते विरघळवणारं औषध आहे. बोटॉक्सला असा उतारा नाही, ते उतरेपर्यंत थांबावं लागतं.

पायरी २: खिडकीपाशी तीन चेहरे

माझी पुढची तारीख ठरते ती या पायरीवर, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

महिन्यातून एकदा, सकाळी तोंड धुतल्यावर, क्रीम-पावडर काही न लावता मी आमच्या बेडरूमच्या पूर्वेकडच्या खिडकीपाशी उभी राहते. फोन खिडकीच्या कट्ट्यावर, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते. तो तांब्या रोज त्याच जागी असतो, त्यामुळे अंतर बदलत नाही. मग दहा सेकंदांचा व्हिडिओ. आधी चेहरा सैल. नंतर भुवया वर, जितक्या जातील तितक्या. मग रागावल्यासारखी आठी. शेवटी दात दिसतील असं हसू. बस.

व्हिडिओत तीन टप्पे ओळखायला शिका.

पहिल्या टप्प्यात हालचाल परत येते, पण रेघ पडत नाही. भुवया एकमेकींकडे किंचित सरकतात, त्वचा गुळगुळीतच राहते. माझ्या बाबतीत हा टप्पा साधारण पंधराव्या आठवड्यात येतो. दुसऱ्या टप्प्यात हालचाल केली की रेघ पडते आणि चेहरा सैल सोडला की जाते. तिसऱ्या टप्प्यात चेहरा सैल असतानाही रेघ दिसते, म्हणजे आपण मुळात जिथून सुरुवात केली तिथे परत आलो.

पहिला टप्पा दिसला की मी क्लिनिकला फोन करते, आणि दोन-तीन आठवड्यांनंतरची वेळ घेते. तोवर दुसरा टप्पा सुरू झालेला असतो. डॉक्टरांना कुठला स्नायू किती जोर लावतोय हे दिसतं, आणि त्याप्रमाणे युनिट ठरतात. सगळंच गोठलेलं असताना गेलं तर त्यांनाही अंदाजाने टोचावं लागतं.

एक इशारा. फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याचा ब्युटी मोड बंद ठेवा. माझे पहिल्या वर्षाचे चार व्हिडिओ त्यापायी फुकट गेले.

पायरी ३: बारा आठवड्यांच्या आत नाही

दुसऱ्या वर्षी मी एका दुसऱ्या क्लिनिकमध्ये चार सिटिंगचं पॅकेज घेतलं होतं. आठव्या आठवड्यात मेसेज आला, तुमचं बोटॉक्स ड्यू आहे, या आठवड्यात सवलत आहे. माझी हालचाल अजून आली नव्हती. तरी गेले. जुन्यावर नवं चढलं, कपाळ जड झालं, वरच्या पापण्या सुस्त वाटायला लागल्या आणि पुढचे दोन महिने मी दुपारी चारलाच झोप आल्यासारखी दिसत होते. कुणीही मला तेव्हा 'आज गरज नाही, घरी जा' असं म्हटलं नाही, आणि ते म्हणणं त्यांचं काम होतं असं मला आजही वाटतं.

माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं: दोन वेळांमध्ये किमान तीन महिने. याला दोन कारणं आहेत. एक, मला झालं तसं औषध साठून हालचाल गरजेपेक्षा जास्त बंद होते. दुसरं जास्त महत्त्वाचं. वरचेवर आणि मोठ्या मात्रेत घेतलं तर शरीर या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. सौंदर्यासाठी लागणाऱ्या लहान मात्रेत असं क्वचित होतं, पण झालं तर औषध लागूच पडेनासं होतं.

उलट बाजूने, जास्तीत जास्त किती थांबायचं याला नियम नाही. चार महिने, पाच महिने, सहा महिने, तुमच्या डोळ्यांना जेव्हा खटकेल तेव्हा. नियमित घेणाऱ्या काही जणांचा स्नायू थोडा अशक्त होतो आणि अंतर आपोआप वाढतं. माझं पहिल्या वर्षी साडेतीन महिन्यांवर होतं, आता साडेचारच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाला तीनपेक्षा जास्त फेऱ्या नाहीत. कुणी तुम्हाला वर्षाला सहा फेऱ्यांचं पॅकेज विकत असेल तर वर्षाचे आठवडे बावन्न, भागिले सहा, एवढंच गणित त्यांच्यासमोर करा.

दाढेच्या घट्ट स्नायूसाठी, म्हणजे जबडा निमुळता दिसावा किंवा रात्री दात खाणं कमी व्हावं म्हणून घेतलेल्या बोटॉक्सचं वेळापत्रक मात्र निराळं. स्नायू सैल पडणं दोन आठवड्यांत होतं, पण तो बारीक होऊन चेहऱ्याचा आकार बदललेला दिसायला सहा ते आठ आठवडे जातात. महिनाभरात 'काहीच फरक नाही' म्हणून पुन्हा टोचून घेऊ नका. पुढची फेरी साधारण चार ते सहा महिन्यांनी.

पायरी ४: वही

ऑनलाइन अ‍ॅप वगैरे आहेत, मला दोनशे पानी वही बरी वाटते. एका फेरीची माझी नोंद अशी:

३ मार्च. भुवयांमध्ये २०, कपाळ ८, डोळ्यांच्या कडा ६ आणि ६. एकूण ४०. कुपीवरचा बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख. डाव्या डोळ्याशेजारी छोटा काळानिळा डाग, सहा दिवसांत गेला. ७ मार्च, आठी अर्धी. १७ मार्च, तपासणी, काही दिलं नाही. २० जून, भुवया सरकायला लागल्या. ५ जुलैची वेळ घेतली.

यात ब्रँडचं नाव लिहायला विसरू नका. युनिट हे प्रत्येक ब्रँडचं स्वतःचं माप असतं. बोटॉक्सची २० युनिट जिथे लागतात त्या आठीला डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडची ५० देतात. तेव्हा 'मागच्या वेळी वीस घेतली होती' एवढंच नव्या डॉक्टरांना सांगून उपयोग नाही. दुसरं म्हणजे, माझ्या नोंदीतला आकडा तुमच्यासाठी नाही. पुरुषांचे स्नायू दणकट असतात, त्यांना सहसा जास्त लागतं, आणि दोन सख्ख्या बहिणींनाही सारखं लागत नाही.

कुपी समोर उघडायला सांगण्यात संकोच नको. न उघडलेलं औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि माहितीपत्रकाप्रमाणे सलाईनमध्ये कालवल्यावर २४ तासांत वापरायचं असतं. शनिवारी उघडलेली कुपी मंगळवारी 'उरलंय तेवढं देऊन टाकते' म्हणून मिळत असेल तर ती तारीख घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. टोचणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही वहीत हवा. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदींमध्ये तपासता येतो. ब्युटी पार्लरमध्ये 'बाहेरून येणाऱ्या मॅडम' सुई देतात, तिथे तपासायला काहीच नसतं.

पायरी ५: फिलरला कॅलेंडर लावू नका

ओठ दिवसभर हलतात, म्हणून तिथलं फिलर सगळ्यात आधी ओसरतं, साधारण सहा ते बारा महिन्यांत. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या रेघांमध्ये नऊ महिने ते वर्ष, कधी दीड वर्ष. गालांच्या हाडावर ठेवलेलं दाट जेल वर्ष-दीड वर्ष, काही प्रकारचं दोन वर्षांपर्यंत. डोळ्यांखालच्या खोलगट भागात हालचाल कमी, त्यामुळे तिथे ते फार काळ बसून राहतं. चेहऱ्यात भरलेलं जेल काही वर्षांनंतरही एमआरआयमध्ये दिसल्याच्या नोंदी डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत.

मग दरवर्षी भरायची गरज आहे असं आपल्याला का वाटतं? कारण डोळा सरावतो. गाल भरल्यावर पंधरा दिवसांत तोच आपला चेहरा वाटायला लागतो, आणि सुरुवातीची सूज उतरली की 'गेलं वाटतं सगळं' असं होतं. त्यावर पुन्हा भरलं, पुन्हा भरलं की चेहरा फुगीर, जड आणि ओळखू न येणारा होतो. असे चेहरे आपण सगळ्यांनी पाहिलेत. एकदाच फार भरल्याने ते तसे क्वचितच होतात, थोडं थोडं वेळेआधी भरत गेल्याने होतात.

म्हणून फिलरची तुलना गेल्या महिन्याच्या फोटोशी करू नका. उपचाराआधीचा फोटो एका बाजूला आणि आजचा दुसऱ्या बाजूला ठेवा. आजचा चेहरा अजून त्या जुन्यापेक्षा भरलेला असेल तर तारीख पुढे ढकला. खरंच कमी झालं असेल तरी पहिल्या वेळी लागलं तेवढं पुन्हा लागत नाही. बऱ्याचदा अर्ध्यात भागतं. डॉक्टरांना 'आज किती भरायचं?' असं न विचारता 'आज भरायची गरज आहे का?' असं विचारा. गेल्या वर्षी माझ्या डॉक्टरांनी मला गालाला हात लावून, 'सहा महिन्यांनी या,' म्हणून फक्त तपासणीची फी घेऊन परत पाठवलं. तेव्हापासून मी क्लिनिक बदललेलं नाही.

पहिल्यांदा फिलर घेतल्यावरची तपासणी दोन ते चार आठवड्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर. ओठ दुसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट दिसतात. त्या दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नका.

कोलॅजन वाढवणाऱ्या सुयांचा हिशेब आणखी वेगळा. पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिडच्या साधारण तीन सिटिंग, मध्ये चार ते सहा आठवडे, परिणाम हळूहळू दिसतो आणि दोन वर्षांच्या आसपास टिकतो. ओलाव्यासाठीचे स्किन बूस्टर दोन-तीन वेळा महिन्याच्या अंतराने आणि मग सहा महिन्यांनी. पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड किंवा कॅल्शियमवालं फिलर घेत असाल तर एवढं लक्षात असू द्या की हायलुरॉनिक जेल विरघळवणारं औषध त्यांच्यावर चालत नाही.

पायरी ६: लग्नावरून उलटं मोजा

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि त्वचेच्या क्लिनिकमध्ये शनिवार-रविवार मिळेनासे होतात. समजा लग्न १२ डिसेंबरला आहे, हळद आदल्या दिवशी.

बोटॉक्स चार आठवडे आधी, म्हणजे १४ नोव्हेंबरला. पूर्ण परिणाम आणि तपासणी २८ नोव्हेंबरला. त्या दिवशी काही किरकोळ दुरुस्ती झालीच तर ती बसायला आणखी दोन आठवडे हातात राहतात. फिलर त्याच्याही आधी, आठ आठवडे धरले तर १७ ऑक्टोबरला, म्हणजे डाग, सूज, गाठ काही झालं तरी निस्तरायला वेळ उरतो. आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोटॉक्स घेणार असाल तर रंगीत तालीम आधी करा. १४ नोव्हेंबरच्या बारा आठवडे मागे २२ ऑगस्ट येतो, पण तेवढं काटोकाट न ठेवता २५ जुलैच्या सुमाराला घ्या. आपल्याला ते कसं बसतं, किती टिकतं, आवडतं की नाही, हे लग्नाच्या धामधुमीआधी कळतं. आवडलं नाही तर डिसेंबरपर्यंत ते उतरलेलं असेल.

मध्ये दिवाळी येते हे विसरू नका. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणं घसाघसा चोळणं हे ताज्या फिलरसाठी चांगलं नाही. जेल बसेपर्यंत, साधारण दोन आठवडे, चेहऱ्याला जोरात मालिश नको. दिवाळी त्या वर्षी कधी आहे ते बघून तारीख मागेपुढे करा. हळदीचंही तेच. नवरीच्या गालाला हळद लावायला पन्नास हात येतात आणि आत्या-मावश्यांचे हात प्रेमाने जड असतात. ठरल्याप्रमाणे अंतर ठेवलं असेल तर खुशाल लावून घ्या. मुंडावळ्याही तोवर कपाळाला खुशाल बांधा.

वरमाई आणि विहीणबाईंनाही हेच सांगणं. पत्रिका छापायला देतो त्या दिवशी अपॉइंटमेंट घेतली तर धावपळ होत नाही. मी तसं केलं असतं तर अल्बममधली भुवई सरळ असती.

पायरी ७: कुठल्या दिवशी जाऊ नये

ताप, सर्दी, घसा धरलाय, तोंडावर पिकलेला पुरळ आहे, ओठावर तापाचे फोड (हर्पिस) आलेत, दाताचं दुखणं चालू आहे, तर तारीख रद्द करा. दाताचं काम आणि फिलर यांत दोन्ही बाजूंनी दोन आठवडे सोडा, कारण दातातले जंतू रक्तात उतरून फिलरपाशी अडकू शकतात. लस घ्यायची असेल तरी दोन आठवड्यांचं अंतर बरं. ओठावर असे फोड वरचेवर येत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. ते आधीपासून गोळी सुरू करतात. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा मूल होण्याचा विचार चालू असेल तर हे सगळंच पुढे ढकला. स्नायूंचा मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा आजार असेल तर बोटॉक्स नाहीच.

माशाच्या तेलाच्या, व्हिटॅमिन ई च्या आणि लसणाच्या कॅप्सूल आठवडाभर आधी बंद केल्या तर डाग कमी पडतात. पण हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. काळानिळा डाग आठवड्यात जातो.

आयब्रो दोन-तीन दिवस आधी करून घ्या. नंतर थ्रेडिंगला निदान तीन-चार दिवस थांबा, फेशियलला बोटॉक्सनंतर आठवडा आणि फिलरनंतर दोन आठवडे. पार्लरमधली ताई 'हळूच करते' म्हणेल. तरी नको.

आणि त्या दिवशीचं वाहन. मी पुण्याची, सगळीकडे स्कूटरवर जाते. पण हेल्मेट नेमकं कपाळावरच घट्ट बसतं, आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवणं हा काही पर्याय नाही. म्हणून सुईच्या दिवशी येताना-जाताना रिक्षा. बोटॉक्सनंतर चार तास आडवं होऊ नका, वाकून नमस्कार नको, टोचलेल्या जागा चोळू नका. सूर्यनमस्कार, जिम, वाफ घेणं दुसऱ्या दिवसापासून. टिकलीसुद्धा मी दुसऱ्या दिवशी लावते, कारण तिचा डिंक ताज्या टोचणीवर नको. म्हणून शुक्रवारी संध्याकाळची पाचची वेळ मला सगळ्यात सोयीची पडते. रात्री दहापर्यंत चार तास होऊन जातात आणि शनिवारी घरीच असते.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण माझ्या न्यू जर्सीच्या बहिणीचा दरवर्षी हाच प्रश्न असतो. तीन आठवड्यांसाठी येत असाल तर सुई पहिल्या तीन दिवसांत घ्या, म्हणजे दोन आठवड्यांची तपासणी इथेच होते. विमानाच्या आदल्या दिवशी फिलर घेऊ नका. काही बिघडलं तर पहिल्या काही तासांत-दिवसांत कळतं, आणि तेव्हा तुम्ही अटलांटिकवर असता.

तारखेची वाट बघायची नाही ती वेळ

फिलरनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, त्वचा पांढरीफटक पडली किंवा जाळीसारखी निळसर दिसायला लागली, तर जेल रक्तवाहिनीत जाऊन किंवा तिच्यावर दाब पडून रक्तपुरवठा अडल्याची शक्यता असते. त्याच क्षणी क्लिनिकला फोन, रात्र असली तरी. नजर अंधुक झाली तर थेट हॉस्पिटल. हायलुरॉनिडेझ हे विरघळवणारं औषध तुमच्या क्लिनिकमध्ये तयार असतं का, आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे दोन प्रश्न पहिल्या भेटीतच विचारायचे. उत्तर टाळलं तर तिथे फिलर घेऊ नका.

बोटॉक्सनंतर एका डोळ्याची पापणी उतरली तर घाबरू नका, पण कळवा. ती काही आठवड्यांत परत वर येते, आणि तोवर मदत करणारे डोळ्यांचे थेंब मिळतात. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र हॉस्पिटल गाठा.

आणि एखादी फेरी चुकली तर

काही होत नाही. मागच्याच्या मागच्या वर्षी आई आजारी होती, तेव्हा मी दहा महिने क्लिनिकची पायरी चढले नाही. पाचव्या महिन्यात आठी पूर्ण परत आली. आधीपेक्षा खोल नव्हती, जेवढी असायची तेवढीच. बोटॉक्स थांबवलं की चेहरा जास्त सुरकुततो ही भीती अनेकींच्या मनात असते. तसं होत नाही. एखादं पॅकेज वर्षाच्या मुदतीत संपवावं लागणार म्हणून घाईने जाऊन बसणं हेच जास्त महागात पडतं, तेव्हा आगाऊ पैसे भरण्याआधी मुदत आणि जीएसटी धरून होणारी पूर्ण रक्कम लेखी घ्या.

दहा महिन्यांनी परत गेले तेव्हा डॉक्टरांनी जुनी वही मागून घेतली, तीन चेहरे करायला लावले आणि कपाळाला आठऐवजी सहाच युनिट दिली. चौदाव्या दिवशी खिडकीपाशी बघितलं, पुरली होती.